दमाचा वॉल

बिघडलेली गाडी समोर आली की कुठलाही मेकॅनिक आधी बॉनेट उघडतो. आमचे मेस्त्री आधी आंब्याची रिकामी पेटी ओढायचे. गाडी चालू ठेवायला सांगायची, तिच्या नाकासमोर पेटी उपडी घालायची, तिच्यावर बसायचं आणि काहीही करायचं नाही. पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, मान किंचित कलती. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा जपाला बसला. ते बिचारं कासावीस होऊन विचारायचं, "काय झालंय हो?" त्यावर मेस्त्री एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "दमान."

या एका शब्दावरून त्यांचं नाव दमान मेस्त्री पडलं. रत्नागिरीपासून पालीपर्यंत त्यांना सगळे याच नावानं ओळखायचे. खऱ्या नावानं चौकशी केली असती तर शेजारच्या चहाच्या टपरीवाल्यानंही "असा कोन हितं नाय" म्हणून परत पाठवलं असतं. हातखंब्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, जांभ्याच्या चिऱ्यांच्या तीन भिंती आणि वर पत्रा, एवढंच त्यांचं गॅरेज. चौथी भिंत नव्हती. "येईल ती गाडी चौथी भिंत," असं ते म्हणत. दर्शनी बाजूला पाटी होती: 'येथे गाड्या शांतपणे दुरूस्त होतील.' मी मराठीची शिक्षिका. तीसहून जास्त वर्षं ऱ्हस्व-दीर्घात गेली. त्या 'दुरूस्त'मधला दीर्घ ऊकार पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होता. 'शांतपणे' या शब्दाकडे मात्र माझं लक्ष फार उशिरा गेलं.

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मला धीर नाही. मुलांना प्रश्न विचारते आणि उत्तर मीच देते. दुसऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधी मी ते पुरं करते, आणि वर व्याकरणही सुधारते. दूध उतू जाईपर्यंत मी कधी ओट्याशी उभी राहिलेली नाही. ते बाजूला गेल्यावरच उतू जातं. अशी बाई आणि असा मेस्त्री, यांचं जमण्याचं काही कारण नव्हतं. जमलं ते आमच्या गाडीमुळे.

गाडी माझ्या नवऱ्याची. ते कोर्टात हेडक्लार्क होते, पण घरात त्यांनी कायम न्यायाधीशाची खुर्ची अडवली, म्हणून मी त्यांना साहेब म्हणते. वीस वर्षांपूर्वी घेतलेली छोटी पांढरी गाडी, साहेबांचा जीव की प्राण. रोज सकाळी ती सुरू करायची, उभ्या उभ्या दोन-तीनदा जोरात रेस द्यायची आणि शेजारपाजाऱ्यांना जागं करायचं, हा त्यांचा नित्यनेम. त्याला ते 'गाडी जागी करणं' म्हणत. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दर महिन्याला तपासणीला यायला सांगितलं आणि गाडी चालवायची नाही म्हणून निक्षून बजावलं. साहेबांनी किल्ली फ्रिजवर ठेवली, आणि त्या दिवसापासून ते फ्रिजमधलं पाणीसुद्धा माझ्याकडे मागायला लागले.

पुढे काही महिन्यांनी माझी बदली पालीच्या पुढच्या शाळेत झाली. सकाळची एसटी बरी होती, संध्याकाळची मात्र आली तर आली. तेव्हा वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी गाडी शिकले. क्लासवाल्याच्या गाडीवर शिकले, परीक्षा दिली, लायसन काढलं आणि आमची गाडी बाहेर काढली. आणि ती गाडी मला प्रत्येक वळणावर तोंडघशी पाडू लागली. चालवताना ठीक असायची. पाय उचलला, वेग कमी केला, गिअर न्यूट्रलला आणला की एकदा हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि बंद. स्पीडब्रेकरला बंद, फाटकाशी बंद, रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलला तर एका सकाळी तीनदा बंद. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ओ मावशी, ढकलू काय?" साऱ्या सर्कलला ऐकू गेलं.

साहेब डावीकडे बसून "क्लच! अगं क्लच!" असं ओरडायचे. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना सांगितलं, "मॅडमना क्लचचा अंदाज येत नाहीये." दुसऱ्यानं अर्धं इंजिन बदलायला सांगितलं आणि शेवटी तोही म्हणाला, "आणि चालवणाऱ्याचा हात बसायला हवा." मी रोज शाळेतून आल्यावर अंगणात गाडी पुढे-मागे करत क्लच सोडायचा सराव करायची. चिडून चिडून रडायची वेळ आली. शेवटी साहेबांनी निकाल दिला. पालीचा एक ओळखीचा माणूस गाडी घ्यायला तयार होता, तो रविवारी येणार होता. "कोल्हापूरला आपण दोघं एसटीनं जाऊ," साहेब म्हणाले, "नाहीतरी मला डावीकडे बसवत नाही."

मी हो म्हटलं. पण मला माहीत होतं, ही गाडी गेली की मला पुन्हा कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही, आणि माझीही पुन्हा लावायची हिंमत होणार नाही. 'हिला जमलं नाही' हे घरात, शाळेत, सगळीकडे कायमचं ठरून जाईल. ऐकणाऱ्याला ही बारीकशी गोष्ट वाटेल. मला त्या आठवड्यात जेवण गोड लागत नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी शाळेतून येताना हातखंब्याशी ती पुन्हा बंद पडली. टपरीवाल्यानं बोट दाखवलं आणि दोघातिघांनी ढकलून मला त्या तीन भिंतींपुढे आणून सोडलं. मेस्त्री बाहेर आले. सडपातळ, साठी-पासष्टीचे, खाकी हाफपँट, अंगात बनियन, आणि हात मात्र कुठल्याही ऑफिसात शोभतील इतके स्वच्छ. ते दर कामानंतर नारळाच्या सोडणाच्या काथ्यानं आणि राखेनं हात घासत. त्यांनी पेटी ओढली आणि ते बसले. गाडी कशीबशी सुरू झाली, घरघरली, थरथरली, बंद पडली. पुन्हा सुरू करायला लावली. पुन्हा पडली. मी माझा कबुलीजबाब सुरू केला, "मला ना क्लचचा अंदाजच..."

"दमान," मेस्त्री म्हणाले. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तीन महिन्यांत तो मला कुणी विचारला नव्हता. "बाई, बंद पडते ती कवा? पाय ठेवलात तेव्हा, का पाय काढलात तेव्हा?"

"काढल्यावर."

"मग तुमची चूक कशी? तुमचा पाय तर तितं न्हवताच."

इतकं सरळ उत्तर माझ्यासमोर पडलेलं होतं आणि मी अंगणात क्लच घोटत बसले होते! मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत हात घालून एका बोटभर लांबीच्या डबीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन टिचक्या मारल्या. इंजिनाचा आवाज एकदम बदलला, जरा सुधारला, पुन्हा ढासळला. "अडकलाय," ते म्हणाले. "दमाचा वॉल."

त्या वॉलला, म्हणजे व्हॉल्व्हला, कंपनीनं काय नाव दिलंय ते मला नंतर कळलं, पण मेस्त्रींचं नावच बरोबर आहे असं माझं शिक्षिका म्हणून मत आहे. त्यांनी मला समजावलं ते असं: आपला पाय दाबलेला असतो तेव्हा हवा मोठ्या दारानं आत जाते. पाय काढला की ते दार मिटतं. पण इंजिन जिवंत तर राहिलं पाहिजे, म्हणून कडेनं एक बारीक वाट ठेवलेली असते, आणि त्या वाटेवर पुढे-मागे सरकणारी एक सुई. किती श्वास घ्यायचा ते ती सुई ठरवते. काजळी धरली की सुई अडकते. "मग गाडी धावते, पन दम धरत नाय," मेस्त्री म्हणाले. आमच्या भाषेत दम लागतो, दम खातात, दम देतात, दम निघत नाही. मी हे सगळे वाक्प्रचार मुलांकडून वाक्यांत उपयोग करून घेतले आहेत. एवढे अर्थ एका डबीत मावताना मी प्रथमच पाहिले.

वॉल काढून साफ करायला निवांत वेळ हवा म्हणून मेस्त्रींनी शनिवारी बोलावलं. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची शाळा. ती सुटल्यावर साहेबांना घेऊन मी गॅरेजवर गेले. साहेब यायला तयार नव्हते, "उद्या विकायची गाडी आज कशाला दुरुस्त करायची?" असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. मी म्हटलं, विकताना तरी धडधाकट द्यावी. मेस्त्रींनी जमिनीवर गेल्या वर्षाच्या कॅलेंडरचं एक पान पसरलं. हा त्यांचा दुसरा रिवाज. पहिल्यांदा निघालेली वस्तू एक तारखेच्या चौकोनात, दुसरी दोन तारखेच्या, असं करत जायचं. परत बसवताना शेवटच्या तारखेपासून मागे यायचं, म्हणजे एकही स्क्रू चुकत नाही की उरत नाही. बॅटरीची तार सोडवली, तिचा नट एक तारखेला. हवेच्या पाइपाचा पट्टा दोन तारखेला. वायरीचा प्लग तीनला, तो नुसता बाजूला केला आणि चौकोनात खूण म्हणून खडा ठेवला. मग वॉलचे दोन स्क्रू. एक सुटला, चार तारखेला गेला. पाच तारखेचा काही हलेना.

"खारा वारा," मेस्त्री म्हणाले. समुद्राजवळच्या गाड्यांना हे ठरलेलंच. त्यांनी स्क्रूच्या मानेवर तेलाचे दोन थेंब सोडले आणि ते विहिरीवर पाणी आणायला गेले. स्क्रूड्रायव्हर तिथेच होता. मी तिथेच होते. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. मी जोर लावला, पातं घसरलं आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच सपाट झाली. मेस्त्री कळशी घेऊन आले, वाकून त्यांनी पाहिलं. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलासारखी उभी.

"बाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "वर्गात पोरगा उत्तर देत नसला, तर तुमी असाच करता काय?"

साहेब मोठ्यानं हसले. मला राग आला, पण रागावायला जागा नव्हती, कारण मी असंच करते. पुढचा अर्धा तास आम्ही तिघं साहेबांनी टपरीवरून मागवलेला चहा पीत तेल मुरायची वाट पाहत बसलो. मग मेस्त्रींनी छिन्नीची धार स्क्रूच्या कडेला तिरपी टेकवून हातोडीनं हलक्या हातानं ठोकलं. स्क्रू केसभर फिरला, आणि मग मुकाट्यानं बाहेर आला.

वॉल हातात घेतला तेव्हा त्याची सुई चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखी काळी होती. मेस्त्रींनी तो माझ्या हातात दिला. "तुमच्या गाडीचा नाक हाय. तुमीच पुसा." सुईचं टोक खाली धरायचं, म्हणजे काजळी काढायचं औषध आतल्या मोटरीत शिरत नाही. फवारा थोडा मारायचा, जुन्या दातांच्या ब्रशानं हलकेच घासायचं. "सुई बोटान दाबायची नाय. ती तिच्या हिशेबान मागं-पुढं जाते, आपल्या नाय." काळं पाणी निथळत राहिलं आणि त्याच्याखालून धातूचा रंग दिसायला लागला. वॉल जिथे बसतो ते भोकही कापडानं पुसून घेतलं, नवं रबर घातलं. मला खरं सांगायचं तर फार आनंद झाला. आपण जिच्यासाठी तीन महिने बोलणी खाल्ली ती काजळी माझ्या हातावर होती, आणि ती धुऊन जाणार होती.

पाच तारखेपासून एक तारखेपर्यंत सगळं परत बसलं. मेस्त्रींनी मला गाडी सुरू करायला लावली, बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "आता धा मिनटा कुनी पाय लावायचा नाय. कुनी म्हंजे कुनीच." बॅटरीची तार काढल्यानं गाडी जुना हिशेब विसरली होती. किती दम लागतो ते तिचं तिनं पुन्हा शिकायचं होतं, आणि मध्ये कुणी बोट घातलं की ती चुकीचं शिकते. इंजिन आधी खूप वर चढलं, मग घसरलं, पुन्हा वर गेलं. मेस्त्री आणि मी बॉनेटशी उभे. आवाज हळूहळू एका जागी यायला लागला. दुधावर साय धरताना दिसावी तसं काहीसं ते होतं, आणि एकदाची मी तिथेच उभी होते.

तेवढ्यात इंजिन कानठळ्या बसतील असं किंचाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही दचकून पाहिलं. साहेब ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. कधी जाऊन बसले, कळलंच नाही. चालू गाडीचा बरा आवाज कानावर पडला आणि त्यांचा पाय आपोआप गेला असणार. ते गाडी जागी करत होते. त्यांनी पाय काढला आणि गाडी धडधडून बंद पडली.

माझ्या तोंडून काय बाहेर पडणार होतं ते मी इथे लिहीत नाही. मेस्त्रींनी माझ्यासमोर आडवा हात धरला. ते साहेबांच्या हातांकडे पाहत होते. साहेबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

"किती दिवसान बसलात, साहेब?" मेस्त्रींनी विचारलं.

"चौदा महिने झाले," साहेब म्हणाले. मान वर न करता.

चौदा महिने माझ्या लक्षात नव्हते. त्यांच्या होते. मी इतके दिवस माझ्याच क्लचच्या दुःखात होते, आणि डावीकडे बसलेला माणूस का ओरडतो, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

मेस्त्रींनी पुन्हा पाना घेतला आणि बॅटरीची तार सोडवली. साहेब ओशाळून उतरायला लागले, तर म्हणाले, "ऱ्हवा, तितंच बसा. फक्त पाय वर घ्या." साहेबांनी आज्ञाधारकपणे चपला काढल्या आणि त्या सीटवर चक्क मांडी घातली. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, हात मांडीवर. तार जोडली, मेस्त्रींनी बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवली. "आता डोळे मिटा नि ऐका. ह्यात डोळ्यांचा काम नाय, कानांचा हाय. सरळ झाली असा वाटला की तुमी सांगायचा. तोवर आमी कोन काय बोलनार नाय."

दहा मिनिटं कुणी बोललं नाही. त्यात माझाही समावेश होता हे नमूद करते. आवाज चढला, उतरला, डगमगला, बारीक झाला आणि मग एका लयीत आला. साहेबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही हात मांडीवरच होते, पुसायला त्यांनी उचलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "झाली."

"झाला काम," मेस्त्री म्हणाले.

"काम झालं," मी म्हटलं. सवय.

"झाला ना पन, बाई? मग!"

परत येताना मी चालवत होते. सर्कलला आले, पाय उचलला, गिअर न्यूट्रलला आणला. गाडी उभी राहिली आणि चालूच राहिली. साहेबांनी विचारलं, "पाय काढलास?" मी म्हटलं, "काढला." घरी गेल्यावर त्यांनी फोन उचलला आणि पालीच्या माणसाला सांगितलं, "उद्या येऊ नका. गाडी लागते आम्हाला. बायको चालवते ना." त्या दिवसापासून साहेब डावीकडे बसून ओरडायचे थांबले. आता ते ऐकतात. मधूनच निकालपत्र वाचल्यासारखं "दुसऱ्या गिअरला जरा घाई झाली" असं सांगतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

मेस्त्रींकडे मग माझं जाणंयेणं सुरू झालं. दर वर्षी पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, दमाचा वॉल साफ करायचा हा आमचा कार्यक्रम ठरला. तिथे बसल्या बसल्या त्यांची गिऱ्हाइकं पाहायला मला फार आवडायचं. एकदा गणपतीपुळ्याला निघालेलं एक कुटुंब आलं. गाडी हाच रोग घेऊन आलेली, आत आई, वडील, आजी आणि दोन मुलं, सगळी एकमेकांवर तापलेली. वडिलांना दुपारची आरती गाठायची होती. मेस्त्रींनी पेटी ओढली. वडील घड्याळ पाहत फेऱ्या मारू लागले. "अहो काका, करा ना काहीतरी! आरती चुकेल!" मेस्त्री म्हणाले, "दमान घ्या. देव खय पळत नाय, तुमीच पळताय." शेवटी आजीनं डबा उघडला आणि सगळी काजूच्या झाडाखाली घावन-चटणी खायला बसली. गाडी तयार झाली तेव्हा वडील मुलांना झाडावरचा सरडा दाखवत होते. आरती चुकलीच होती. पण जाताना त्यांनी हॉर्नसुद्धा हळूच वाजवला.

इतक्या वर्षांत मेस्त्रींनी चिडून आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला. एका माणसानं दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताच जोरात रेस मारली आणि बायकोला म्हणाला, "बघ, आता कशी पळते!" मेस्त्री उठले. "पळते ती कालपन पळत व्हती! उभी कशी ऱ्हाते ती बगा आदी!" एवढं बोलून त्यांनाच धाप लागली, आणि ते पाणी प्यायला गेले. चांगल्या गाडीची त्यांची परीक्षा तेवढीच होती: तिला उभं राहता येतं का. माणसांबद्दल ते असं काही बोलायचे नाहीत, पण एखादं गिऱ्हाईक दहा मिनिटं न कुरकुरता बसलं की त्याला न मागता चहा मिळायचा. मला तो मिळायला दोन वर्षं लागली.

पाटीचंही सांगायला हवं. एकदा मी सरळ पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊनच गेले. मेस्त्रींनी शिडी धरली, मी ऊकार ऱ्हस्व केला. खाली उतरून पाहिलं तर रंगाचा ओघळ आलेला, आधीपेक्षा वाईट. घाईत केलं होतं. मेस्त्री बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चांगला झाला." खोटं बोलताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

शाळेत मी फार बदलले असं नाही. पण प्रश्न विचारल्यावर आता मी मनात दहा आकडे मोजते. मोजते म्हणजे, सहापर्यंत पोचते. एकदा एका कवितेवरच्या प्रश्नाला एका मुलीनं सहाव्या आकड्याला तोंड उघडलं आणि इतकं सुंदर उत्तर दिलं, की मी शाळा सुटल्यावर मुद्दाम गॅरेजशी थांबून ते मेस्त्रींना सांगितलं. त्यांना ती कविताही ठाऊक नव्हती आणि ती मुलगीही. पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा ते पेटीवरून उठले नाहीत. गुडघे गेले होते. "आता तुमीच करा. मी ऐकतंय," म्हणाले. कॅलेंडर मी पसरलं, एक ते पाच तारखा मी भरल्या, स्क्रूला तेल लावून मी बसून राहिले. शेवटी गाडी सुरू केली, पाय बाहेर काढले, आणि साहेब नि मेस्त्री दोघं शेजारी शेजारी बसून ऐकत राहिले. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. मला बी.एड.चा निकाल लागला तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

वैशाखात त्यांनी गॅरेज बंद केलं. साखरप्याला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकट्यानं विहिरीवरून पाणी आणणं आता होत नव्हतं. दुःखाचं असं काही नव्हतं. मुलगी चांगली, जावई प्रेमळ, नातवंडं वाट पाहत होती. "एसटी हाय की," ते म्हणत होते. मी म्हटलं, "मी सोडते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. मागच्या सीटवर साहेब बसले, मांडीवर मेस्त्रींच्या देवांची पेटी घेऊन. मेस्त्री डावीकडे, माझ्या शेजारी. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि फुलपँट घातलेले मेस्त्री मी प्रथमच पाहत होते. ते जरा पाहुण्यासारखे अवघडून बसले होते.

मी फार जपून चालवत होते. पाली मागे पडली. थोडं पुढे गेल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं, एकेरी वाहतूक, लाल झेंडा घेतलेला एक माणूस आडवा उभा. समोरून ट्रकांची रांगच रांग येत होती. मी थांबले, गिअर न्यूट्रलला आणला, दोन्ही पाय मागे घेतले. गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, ऐकू येईल न येईल असं. मागचे लोक इंजिनं बंद करून खाली उतरले. मी बंद केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना मार्क दिले, पण त्या क्षणी मला मार्क हवे होते, आणि ते एकाच माणसाकडून.

"कसा वाटतोय आवाज, मेस्त्री?" मी रस्त्याकडे पाहतच विचारलं.

उत्तर आलं नाही. मी मनात मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत पोचले, तरी उत्तर नाही. मग वळून पाहिलं. मेस्त्री झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, ते घासूनपुसून लख्ख केलेले हात पोटावर सैल पडलेले.

मागून साहेब पुढे झुकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "उठवू नकोस."

समोरच्या माणसानं हिरवा झेंडा वर केला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट सुरू केला. मला कसलीच घाई नव्हती. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हलके सोडला, की गाडी निघाली तरी मेस्त्रींची मान खिडकीवरून हलली नाही.